आमसुलांची डेडलाइन

ऑफिसात लीडरशिपची कार्यशाळा म्हटली की दोन गोष्टी ठरलेल्या: भिंतीवर चिकटवायच्या रंगीत चिठ्ठ्या आणि दुपारच्या जेवणात पनीर. संध्याकाळी सर्टिफिकेट मिळतं आणि दुसऱ्या दिवशी टीम तशीच्या तशी असते. माझं म्हणणं एवढंच की ज्याला माणसं हाताळायला शिकायचंय, त्याला मेच्या तिसऱ्या आठवड्यात कुडाळच्या बाजूच्या कुठल्याही नांदत्या घरात नेऊन सोडा. पुढ्यात रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, टोपली ठेवा आणि सांगा, पावसाच्या आत आमसुलं बरणीत गेली पाहिजेत.

ऑफिसात माणसं ऐकतात, कारण महिन्याच्या शेवटी पगार होतो. घरात चौदा माणसं असतात. त्यातली नऊ सुट्टीवर आलेली, दोन एकमेकांशी बोलत नसलेली, आणि एक काका झोपाळ्यावर बसून सगळ्यांना मार्गदर्शन करणारे. यातल्या कुणाचंही अप्रेझल तुमच्या हातात नसतं. तुमचं मात्र रोज होतं, तेही पंगतीत.

मुदत आधी समजून घ्यावी. रोहिणी लागतात २५ मेला, मृग ७ जूनला, एखाद्या वर्षी ८ ला. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस घेणाऱ्या या पट्ट्यात मृगानंतर अंगणात काही वाळत घालायचा विचारही कोणी करत नाही. मुंबईहून आलेला पुतण्या, जो तिकडे टीम लीड असतो, पहिल्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढतो. त्यात तक्ता टाकतो: धुणे, कापणे, वाळवणे, जबाबदार व्यक्ती. रेंज फक्त विहिरीच्या कठड्यापाशी येते, त्यामुळे तक्ता वाचायला जो जातो तो तासाभराने परततो. वर पुतण्या म्हणतो, ‘शनिवारपासून सुरू करू, तोवर सगळे जमतील.’ आजी सुपारी कातरता कातरता विचारते, ‘पाऊस काय तुका इचारून येतलो?’ बैठक संपते.

आता काम. झाडावरची फळं एकदम पिकत नाहीत, म्हणून तोडणी चार-पाच खेपांत होते. गर्द लाल झालेलीच घ्यायची. हिरवट फळ घातलं तर आमसूल फिकं होतं आणि त्याचा जाब वर्षभर सोलकढीला द्यावा लागतो. धुवायची, पुसायची, उभी दोन भागांत कापायची. सालं वेगळी. गर आणि बिया चिनी मातीच्या बरणीत किंवा प्लॅस्टिकच्या टबात, दहा किलो फळाला साधारण किलोभर जाडं मीठ घालून. मिठाने रस सुटतो. अ‍ॅल्युमिनियमचा टोप इथे चालत नाही. रातांब्याचं आम्ल धातूला खातं, आणि सकाळपर्यंत टोपाला डाग, रसाला धातूची चव. चकचकीत मोठा टोप दिसला म्हणून कोणीतरी तोच घेतो, दर वर्षी. हे वाक्य ठळक अक्षरात लिहून स्वयंपाकघरात लावलं तरीही घेईल.

सालं दिवसभर उन्हात, रात्री मिठाच्या रसात, सकाळी निथळून परत उन्हात. असं एकेक पुट देत पाच-सहा दिवस. पहिल्या दिवशी तट्टाभर (तट्टा म्हणजे बांबूची चटई) दिसणारा माल चौथ्या दिवशी सूपभर होतो आणि पुतण्या विचारतो, ‘बाकीची कुठे गेली?’

कामं वाटताना मुलांना बिया काढायला बसवावं. बोटं लहान असतात, गर चोखायची मुभा दिली की वेतनाचा प्रश्न उरत नाही. मात्र कंपनीचा पांढरा टी-शर्ट घालून शेजारी बसू नये. तो डाग निवृत्तीपर्यंत सोबत करतो. झोपाळ्यावरच्या काकांना हलवायच्या भानगडीत पडू नये. त्यांच्या हाती काठी द्यावी आणि ‘कोंबड्या आणि माकडं तुमच्याकडे’ असं चारचौघांत जाहीर करावं. बसल्या जागी करायचं काम मिळालं की मार्गदर्शन निम्म्याने कमी होतं.

खरी कसोटी उन्हाची. अंगण एक, ऊन एक, आणि त्यावर हक्क सांगणारे पाच: रातांबे, फणसपोळी, पोह्याचे पापड, पावसाळ्याची लाकडं आणि थोरल्या काकूच्या गाद्या. भर दुपारच्या उन्हाची विहिरीकडची जागा कुणाची, यावरून दोन जावांत होणाऱ्या वाटाघाटी पाहिल्या की ऑफिसातली बजेट मीटिंग पोरखेळ वाटते. आवाज कुणाचा मोठा यावर निर्णय केला की घात. निकष एकच ठेवावा: आधी काय नासेल? बरक्या, म्हणजे मऊ गराच्या, फणसाचा रस ताटात थापलेला असतो, त्याला एक दिवस ऊन चुकलं तरी तो आंबतो. म्हणून पहिली जागा फणसपोळीची. अर्धे वाळलेले पापड घरात पंख्याखाली रात्र काढतात. आमसुलांत मीठही आहे आणि आंबटपणाही, ती एखादा ढगाळ दिवस निभावून नेतात. लाकडं शेवटी, आणि गाद्या काकूच्या समोर न बोलता पडवीत सरकवाव्यात. हा निकष मोठ्याने सांगितला की काकूसुद्धा ऐकते, कारण त्यात कुणाचं नाव नसतं.

दुपारी चारनंतर घाटाकडे बघायचं, समुद्राकडे नाही. मोसमी पाऊस समुद्रावरून येतो, पण मेमधला वळीव सह्याद्रीवर काळवंडून उलट्या बाजूने उतरतो. गार वारा सुटला की हातात दहा मिनिटं असतात. अशा वेळी जो ‘उचला रे सगळं!’ म्हणून ओरडतो, त्याला नेता म्हणू नये. त्या आरोळीवर तिघे पापडांकडे धावतात, दोघे दोरीवरच्या कपड्यांकडे, एकजण स्वतःचा टॉवेल तेवढा घेऊन आत येतो आणि आमसुलं भिजतात. प्रत्येकाला खात्री असते की ती दुसऱ्याने उचलली. म्हणून सांगायचं ते असं: ‘बाबू, तट्ट्यावरची आमसुलं तू, माजघरात. सुमी, फणसपोळीची ताटं तू, एकावर एक नको.’ नाव, वस्तू, जागा. ‘प्लीज’ पाऊस पडून गेल्यावर. आणि हे सकाळीच ठरलेलं असेल तर ओरडावंही लागत नाही.

भिजलीच, तर आधी ‘कोणी केलं’ हे विचारू नये. पावसाच्या पाण्याने मीठ धुपलेलं असतं आणि तसंच ठेवलं तर दोन दिवसांत पांढरी बुरशी येते. पाणी निथळायचं, ताज्या खारट रसात पुन्हा बुडवायचं, दुसऱ्या दिवशी एक पुट जास्त. चौकशी समिती चहाच्या वेळी बसवता येते, आणि तोवर बहुतेकांना भूक लागलेली असते.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. घरातलं मानांकन आजीच्या दोन बोटांत असतं. ती तट्ट्यापाशी उकिडवी बसते, एक आमसूल उचलते, अंगठा आणि तर्जनीत धरून दुमडते. कडक होऊन मोडलं तर जास्त वाळलं. बोटाला ओल लागली तर अजून एक ऊन. चामड्यासारखं वाकून परत सरळ झालं तर झालं. ओलं निघालं की ती काही बोलत नाही. ते आमसूल होतं तिथेच, नीट उताणं करून ठेवते आणि उठते. तट्टा दुसऱ्या दिवशी पहाटे आपोआप बाहेर येतो. मी इतक्या थोडक्यात फीडबॅक देणारा साहेब पाहिलेला नाही.

भरतीबद्दलही बोलायला हवं. कोकमाचं नर झाड वेगळं, मादी वेगळं. बी लावून रोप केलं तर निम्मी नर निघतात, आणि ते कळतं फुलावर आल्यावर, सहा-सात वर्षं पाणी-खत घातल्यानंतर. म्हणून जाणती माणसं कलम लावतात. त्यातही नव्वद मादीमागे दहा नर ठेवावेच लागतात, परागासाठी. म्हणजे नर अगदीच निरुपयोगी नव्हे. प्रश्न उरतो तो परसात आपोआप उगवलेल्या आणि सगळ्यांनी कौतुकाने वाढवलेल्या तिसऱ्या-चौथ्या नराचा. सातव्या वर्षी त्याला भरघोस फुलं येतात आणि फळ एकही नाही. पुतण्या कुऱ्हाड कुठे आहे विचारतो. झोपाळ्यावरून काका म्हणतात, ‘ऱ्हवांदे रे. सावली देता.’