ती लाल रेघ खोडून द्या

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लेक आठवीत आहे. तिनं 1971 च्या युद्धातले आपले लष्करप्रमुख सॅम माणेकशा यांच्यावर निबंध लिहिला. त्यात एक वाक्य होतं, 'फील्ड मार्शल कधीच निवृत्त होत नाही.' त्याखाली लाल शाईची जाड रेघ आणि समासात शेरा: 'चूक. 1973 साली निवृत्त.' एक गुण कापला.

गुण गेला तर जाऊ दे. पण हे वाक्य तिला तिच्या आजोबांनी शिकवलंय.

माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते. 1971 च्या युद्धात जंगी पलटणीबरोबर, म्हणजे पहिल्या बटालियनबरोबर, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला होते, तेव्हा एकवीस वर्षांचे. लढाईबद्दल घरात फार बोलायचे नाहीत. पण 27 जून 2008 ची संध्याकाळ मी विसरणं शक्य नाही. बातम्यांत तामिळनाडूतल्या वेलिंग्टनला माणेकशा गेल्याचं दाखवत होते, तिरंग्यात गुंडाळलेली शवपेटी दिसली. बाबा बनियनवर बसले होते. उठले, आत गेले, शर्ट घातला, ट्रंकेतून पलटणीची हिरवी टोपी काढली. डोक्यावर टोपी नसेल तर सलाम करायचा नसतो, हे मला त्या दिवशी कळलं. टीव्हीसमोर ताठ उभे राहिले आणि कडक सलाम ठोकला. आई स्वयंपाकघराच्या दारात पोळीचं लाटणं हातात धरून तशीच उभी.

तर बाई, 1973 मध्ये सुटलं ते लष्करप्रमुखाचं पद. 15 जानेवारीला. त्याच्या बाराच दिवस आधी, 3 जानेवारीला, राष्ट्रपती भवनात त्यांना फील्ड मार्शलचा हुद्दा दिला गेला. पद सुटतं, हुद्दा सुटत नाही. फील्ड मार्शल मरेपर्यंत सेवेतच असतो. पाच तारे, हातात बॅटन, पगार चालू. आपल्याकडे असे दोनच झाले. दुसरे करिअप्पा, आपले पहिले भारतीय लष्करप्रमुख. ते 1953 मध्ये निवृत्त झाले आणि तब्बल 33 वर्षांनी, 1986 मध्ये, त्यांना हा हुद्दा मिळाला. म्हणजे घरी बसलेल्या म्हाताऱ्याला देशानं परत वर्दीत घेतलं, कायमचं! हवाई दलात याच तोडीचा हुद्दा अर्जन सिंगांना, 2002 मध्ये. नौदलात आजवर कुणीच नाही.

हुद्दा इंग्रजांकडून आला, हे खरंय. कुणी म्हणेल, आपल्याकडे सरनोबत होते, सेनापती होते, हे परकं नाव कशाला? असू दे परकं. 'मार्शल' शब्दाचं मूळ माहितेय? जुन्या जर्मॅनिक बोलीत घोड्यांची निगा राखणारा चाकर. आपला मोतद्दार! तबेल्यातून निघालेला शब्द सगळ्या सैन्याच्या डोक्यावर जाऊन बसला. मला तर तो फार आवडतो.

राग याचा आहे की या हुद्द्याची जगभर काय काय विटंबना झाली. पाकिस्तानात अयुब खान 1959 मध्ये सत्तेवर बसून स्वतःच फील्ड मार्शल झाले. युगांडात इदी अमीननं तेच केलं. हिटलरनं 30 जानेवारी 1943 ला स्टालिनग्राडमध्ये वेढ्यात अडकलेल्या आपल्या सेनापतीला, पाउलुसला, फील्ड मार्शल केलं. कशासाठी? जर्मन फील्ड मार्शल कधी शरण गेला नव्हता, म्हणजे यानं आता स्वतःला गोळी घालावी! दुसऱ्याच दिवशी पाउलुस शरण गेला. आणि रशियात 1935 च्या पहिल्या पाच मार्शलांपैकी तिघांना स्टालिननं संपवलं.

आपल्याकडे असलं काही झालं नाही. फक्त विसरलो आपण. माणेकशांना त्या हुद्द्याचा थकलेला पगार मिळाला तो थेट 2007 मध्ये, तेही राष्ट्रपती कलाम दवाखान्यात भेटून आल्यावर. एक कोटीहून जास्त थकबाकी. नव्वदी ओलांडलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या हातात तो चेक!

आणि अंत्यसंस्काराला? बाबांनी सलाम उतरवला आणि पडद्याकडे बघतच विचारलं, "मोठी माणसं कुठं दिसंनात गं?" राष्ट्रपती नव्हते, पंतप्रधान नव्हते, संरक्षणमंत्री नव्हते. शिष्टाचाराच्या यादीत फील्ड मार्शलची जागाच ठरलेली नव्हती म्हणतात. नसेल. पण पाय उचलून जायला यादी लागते का? मी बाबांना काहीच उत्तर दिलं नाही, टीव्हीचा आवाज कमी केला. अजून सलतं ते.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. अर्जन सिंग आठवले. जुलै 2015, कलामांचं पार्थिव पालम विमानतळावर आलं होतं. 96 वर्षांचे अर्जन सिंग चाकांच्या खुर्चीतून आले, खुर्चीतून उठले, उभं राहून सलाम केला. बाबा तेव्हा म्हणाले होते, "बघ, ड्यूटीवर आहे तो माणूस." तेच वाक्य लेकीच्या डोक्यात बसलं असणार, ती शेजारीच बसली होती.

बाईंवर माझा वैयक्तिक राग नाही. पन्नास वह्या तपासायच्या असतात, मलाही कळतं. उद्या शाळेत जाणार आहे. भांडायला नाही. बाबाही येतो म्हणालेत, मी नको म्हटलं, तर टोपी शोधायला लागलेत.

बाई, गुण परत देऊ नका. वहीतली ती लाल रेघ तेवढी खोडून द्या.