‘ब्राउन’ निकालानंतरची दहा वर्षे: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. आपले म्हणणे असे की, शाळांमधील वर्णविभाजन अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच ‘ब्राउन’ खटल्यात घटनाबाह्य ठरवले होते, त्यामुळे १९६४ आणि १९६५ च्या संघीय कायद्यांना मी दिलेले श्रेय अवाजवी आहे. शिवाय अनुदानाला अटी जोडणे हा राज्यांच्या अधिकारांवर घालाच होता.

निकालानंतर दहा वर्षे होत आली, तरी दक्षिणेतील ११ राज्यांत गोऱ्या मुलांसोबत शिकणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण जेमतेम १ टक्का होते, कारण पालकांना जिल्ह्याजिल्ह्यांत वेगळा खटला लढवावा लागे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने भेदभाव करणाऱ्या संस्थेचे संघीय अनुदान रोखण्याची तरतूद केली खरी, पण तिला धार आली ती पुढच्या वर्षीच्या शिक्षण कायद्याने. गरीब मुलांच्या शिक्षणासाठी एक अब्ज डॉलरच्या घरात निधी येऊ लागला आणि शाळा मंडळांकडे गमावण्यासारखे काही तरी आले.

व्हर्जिनियातील न्यू केंट कौंटीत दोनच शाळा होत्या, एक गोऱ्यांची आणि एक कृष्णवर्णीयांची. ‘ब्राउन’नंतर ११ वर्षे ढिम्म राहिलेल्या तेथील मंडळाने ऑगस्ट १९६५ मध्ये, संघीय अनुदानाची पात्रता टिकावी म्हणून, मुलांना शाळा निवडण्याची मुभा दिली. ही निव्वळ धूळफेक होती, हे आपणही मान्य कराल: तीन वर्षांत एकाही गोऱ्या मुलाने कृष्णवर्णीयांची वॉटकिन्स शाळा निवडली नाही आणि ८५ टक्के कृष्णवर्णीय मुले तिथेच राहिली. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट बंद केली. मंडळ जागचे हलले ते मात्र अनुदानाच्या धाकानेच.

राज्यांच्या अधिकारांविषयी बोलायचे, तर अनुदान घेण्याची सक्ती कोणावरही नव्हती. मला तर केंद्राची अरेरावी कमी आणि कचखाऊपणाच अधिक दिसतो. १९६५ मध्येच शिकागोचा सुमारे ३ कोटी डॉलरचा निधी अडवण्यात आला. महापौर डेली यांनी थेट अध्यक्ष जॉन्सन यांच्याकडे तक्रार करताच तो काही दिवसांत मोकळा झाला. आणि टेक्सासमधील ‘रॉड्रिग्ज’ खटल्यात १९७३ मध्ये न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी स्पष्ट केले की, शिक्षण हा संघीय घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. त्यामुळे स्थानिक मालमत्ता करावर चालणाऱ्या श्रीमंत आणि गरीब जिल्ह्यांतील शाळांची तफावत घटनेचा भंग ठरली नाही. या कायद्यांवर टीका करायचीच, तर ती दरी त्यांच्या पूरक निधीने बुजली नाही, यावर करावी.