रस्त्यातला वाटा: पॅरामाटाच्या ट्राममधून दिसणारे नाशिक

सिडनीच्या पश्चिम भागातल्या वेस्टमीडच्या रुग्णालयासमोरून मी रोज सकाळी जी ट्राम पकडते, ती पॅरामाटाच्या चर्च स्ट्रीटमध्ये शिरताना वेग इतका कमी करते की फुटपाथवरून झपाझप चालणारा माणूस काही वेळ तिच्या बरोबरीने राहू शकतो. दोन्ही बाजूंना उपाहारगृहांच्या खुर्च्या मांडलेल्या असतात. डोक्यावर विजेची तार नसते, कारण या टप्प्यात गाडी स्वतःजवळ साठवलेल्या विजेवर चालते. रूळ फरसबंदीत इतके सपाट बसवले आहेत की लहान मुलांच्या ढकलगाड्या त्यावरून विनासायास जातात. मध्यंतरी एका उपाहारगृहाच्या पोऱ्याने खाद्यपदार्थांचा फळा रुळांच्या अगदी कडेला आणून ठेवला होता. ट्राम थांबली, चालकाने दोनदा घंटा वाजवली, पोऱ्याने धावत येऊन फळा दोन हात मागे सरकवला आणि गाडी पुढे निघाली. पंचेचाळीस मीटर लांबीची आणि चारशे माणसे वाहू शकणारी गाडी एका फळ्यासाठी अर्धा मिनिट खोळंबली, याचे डब्यात कोणालाही विशेष वाटले नाही.

त्याच आठवड्यात नाशिक रोडहून माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. दत्त मंदिर चौकाजवळ त्याचे हार्डवेअरचे दुकान आहे आणि शहरात काय येणार, काय बारगळणार याची खबर गिऱ्हाइकांकडून त्याच्यापर्यंत रोज पोहोचत असते. त्याने विचारले, "ताई, तुला काय वाटते, आपल्याकडे निओ यावी की मोठी मेट्रो?" बाहेरच्या वाचकांसाठी सांगायचे तर, नाशिकसाठी मेट्रो निओ नावाची योजना पुढे आली होती आणि २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यासाठी २,०९२ कोटी रुपयांचा उल्लेख झाला होता. रबरी टायरची, वरच्या तारेतून वीज घेणारी जोडगाडी गंगापूरपासून सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक), सारडा सर्कल आणि द्वारका या मार्गाने नाशिक रोडपर्यंत, मुख्यतः खांबांवर उभारलेल्या रस्त्यावरून धावेल, अशी तिची कल्पना होती. त्यानंतर वर्षे गेली. दरम्यान, निओपेक्षा रुळांवरची पूर्ण मेट्रोच का नको, हा नवा वाद सुरू झाला आणि नाशिककर दोन तट पाडून त्यात रमले.

परदेशात राहणाऱ्या माणसाने अशा वादात तोंड घालताना जपून बोलावे, हे मला कळते. 'आमच्याकडे इथे असे असते' हे वाक्य सुट्टीवर आलेल्या पाहुण्याच्या तोंडून ऐकून मायदेशातली माणसे किती विटलेली असतात, याचा मी एकेकाळी स्वतः अनुभव घेतला आहे. तरीही भावाच्या प्रश्नाला मला सरळ उत्तर देता आले नाही, कारण मला तो प्रश्नच चुकीच्या जागी सुरू होतो असे वाटते. गाडी टायरची की रुळांची, डबे दोन की तीन, ही चर्चा नंतरची आहे. आधीचा प्रश्न असा की आज मोटारींना आणि दुचाकींना दिलेल्या रस्त्यातून किती रुंदी काढून सार्वजनिक वाहनाला द्यायची शहराची तयारी आहे. खांबांवरचा मार्ग इतका लोकप्रिय असण्याचे कारण, माझ्या मते, तो जलद आहे हे नसून त्यात हा प्रश्न कोणाला विचारावा लागत नाही हे आहे.

खरे तर तो तिथेही सुटत नाही. खांब दुभाजकात उभे राहतात आणि दुभाजक रुंद होतो. स्थानकाचे जिने आणि उद्वाहने खाली उतरतात ती नेमकी फुटपाथवर. पुण्यात २०२१ मध्ये संभाजी पुलावरून जाणाऱ्या मेट्रोच्या पुलाच्या उंचीवरून गणेश मंडळे उभी ठाकली होती, कारण विसर्जन मिरवणुकीचे रथ त्याखालून कसे जाणार हा त्यांचा सवाल होता. म्हणजे वर उचलून नेलेला मार्गही अखेर रस्त्यावरच्या जगण्याला येऊन भिडतोच. फरक एवढाच की तोपर्यंत सिमेंट वाळलेले असते.

पॅरामाटात हा प्रश्न जमिनीवर, सर्वांसमोर सोडवावा लागला. दुहेरी रुळांना साधारण सात मीटर रुंदी लागते, म्हणजे मोटारींच्या दोन मार्गिका. चर्च स्ट्रीटच्या या भागात ती रुंदी मोटारींकडून घेतली गेली आणि त्याबद्दल भरपूर आरडाओरडा झाला. आज दिवसा दर साडेसात मिनिटांनी गाडी आहे, प्रत्येकीत चारशे माणसांची सोय, म्हणजे तासाला एका दिशेने ३,२०० माणसे. सगळ्या गाड्या भरून धावतात असे मी म्हणणार नाही. पण तेवढ्याच रुंदीत मोटारींतून किती माणसे गेली असती याचा हिशेब कोणीही मनातल्या मनात करू शकेल.

मात्र या मार्गाची आखणी मी आदर्श मानत नाही. वेस्टमीड ते कार्लिंगफर्ड हा बारा किलोमीटरचा आणि सोळा थांब्यांचा मार्ग २० डिसेंबर २०२४ रोजी सुरू झाला. त्याचे पश्चिमेकडचे टोक अचूक निवडलेले आहे: मोठे रुग्णालय, मुलांचे रुग्णालय आणि मग शहराचा मध्य. पाळ्यांमध्ये काम करणारे, ज्यांना गाडी लावायला जागा मिळत नाही असे हजारो लोक तिथे रोज येतात. पूर्वेकडचा अर्धा भाग मात्र जुन्या कार्लिंगफर्ड रेल्वेच्या रुळांच्या जागेवर टाकलेला आहे. ती एकेरी रुळांची, क्वचितच गाडी असलेली शाखा जानेवारी २०२० मध्ये बंद केली गेली आणि आयती मोकळी झालेली पट्टी ट्रामला मिळाली. तिथे गाडी सुसाट पळते, शेजारून पायी आणि सायकलने जाण्याची उत्तम वाट आहे, पण डंडसच्या पुढे डब्यात बसलेल्यांची मोजदाद दोन हातांच्या बोटांवर करता येते, अशा कितीतरी दुपारी मी पाहिल्या आहेत. जागा मोकळी होती म्हणून मार्ग तिकडे गेला, माणसे होती म्हणून नव्हे. नदी ओलांडून ऑलिंपिक पार्ककडे जाणारा दुसरा टप्पा झाल्याशिवाय या मार्गाचे खरे मोल कळणार नाही. नाशिकमध्येही जिथे भूसंपादन कमी तिथून रेघ ओढण्याचा मोह होईल, आणि तो टाळायला हवा.

खोदाईबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण भावाला आणि त्याच्यासारख्या हजारो दुकानदारांना त्याच्याशीच कर्तव्य आहे. मध्य सिडनीच्या जॉर्ज स्ट्रीटवरून जाणारा ट्राममार्ग जाहीर झाला तेव्हा खर्च १.६ अब्ज डॉलर सांगितला होता. २०१९-२० मध्ये गाड्या धावू लागल्या तोवर तो तीन अब्जांच्या घरात पोहोचला. रस्त्याखाली शंभर वर्षांच्या विजेच्या वाहिन्या, पाण्याचे नळ आणि कोणत्याही नकाशात नसलेल्या गोष्टी निघत गेल्या. त्या कोणी आणि कोणाच्या खर्चाने हलवायच्या, यावरून कंत्राटदार आणि सरकार न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये मोठी रक्कम देऊन तडजोड झाली. ज्यांच्या दारासमोर वर्षानुवर्षे खोदाईभोवतीच्या कुंपणाचे पत्रे उभे होते, त्या दुकानदारांनीही एकत्र येऊन दावा लावला. पॅरामाटात त्यातून एक धडा घेतलेला दिसला: नाताळच्या आसपासच्या भरात चर्च स्ट्रीटच्या उपाहारगृहांसमोरचे काम थांबवले जाई, पत्रे मागे घेतले जात, खुर्च्या बाहेर येत. एवढे करूनही काही जुनी उपाहारगृहे बंद पडली आणि २०२३ मध्ये धावणार असलेली गाडी २०२४ च्या शेवटी आली. परदेशात सगळे वेळेवर होते अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी ती या रस्त्यापुरती तरी सोडून द्यावी.

हे सारे नाशिकला अगदी परके आहे असेही नाही. १८८९ च्या सुमारास मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून नाशिक रोडच्या रेल्वे स्थानकापर्यंत ट्राम सुरू झाली होती. सुरुवातीला ती चार घोडे ओढत आणि तिचे सल्लागार अभियंते होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप, ज्यांनी पुढे बार्शी लाइट रेल्वे उभी केली. 'लाइट' हा शब्द महाराष्ट्राने असा शतकाहून अधिक काळापूर्वीच ऐकला आहे, फक्त तिथे तो अरुंद रुळांसाठी होता आणि आता ट्रामला 'लाइट रेल' म्हणताना तो गाडीने शहराच्या रस्त्याशी जुळवून घेण्यासाठी वापरला जातो. नाशिकची ट्राम १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. पॅरामाटाची वाफेवरची ट्राम १८८३ मध्ये सुरू होऊन १९४३ मध्ये थांबली आणि तिच्या आठवणीतला रस्ता आज नव्या मार्गावरच्या 'ट्रामवे ॲव्हेन्यू' या थांब्याला नाव देतो. आमच्या गावात त्या ट्रामची एवढीही खूण मला कधी आढळली नाही.

जमिनीवरच्या ट्रामविरुद्ध दोन आक्षेप मी वारंवार ऐकते. पहिला सिंहस्थाचा: कुंभाची गर्दी अशा गाडीने कशी पेलणार? ती पेलणार नाही, आणि कोणतीच गाडी पेलणार नाही. बारा वर्षांतून एकदा येणाऱ्या लोंढ्याच्या मापाने रोजच्या प्रवासाचा मार्ग बेतणे म्हणजे लग्नाच्या पंगतीच्या मापाने घरातले पातेले घेणे होय. दुसरा आक्षेप शिस्तीचा, म्हणजे आपल्याकडे रुळांवर रिक्षा उभ्या राहतील. हा मला खराच वाटतो. पुण्यात २००६ मध्ये सुरू झालेल्या बीआरटीच्या, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या मार्गिकांत दुचाकी कशा घुसत हे सर्वांनी पाहिले आहे. रुळांना तिथे बसच्या मार्गिकेपेक्षा थोडा अधिक मान मिळेल, कारण ट्राम बाजूने वळसा घालून जाऊ शकत नाही आणि अडलेली गाडी सगळ्यांना दिसते; पण पहिली दोन वर्षे रोज दंड करणारा माणूस चौकात उभा करावा लागेल, त्याला इलाज नाही.

मी भावाला हे सगळे सांगितले आणि द्वारकेच्या चौकात मात्र वेगळी पातळी लागेल, तिथे जमिनीवरून जाणे शक्य नाही, हेही कबूल केले. तो काही वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे दत्त मंदिरापासून द्वारकेपर्यंत दुकानांसमोर गाड्या लावायची जागा जाणार?" मी हो म्हटले. "आणि खोदाई किती वर्षे?" पॅरामाटात आमच्या रस्त्यावर पत्रे किती काळ होते, ते मी त्याला सांगितले. त्यावर तो म्हणाला की हे कोणी आधी लेखी देणार असेल, तर बाजारपेठेच्या पुढच्या बैठकीत तो विषय काढायला तयार आहे. आणि मला त्या चर्च स्ट्रीटचे, खुर्च्या आणि रूळ दोन्ही दिसतील असे, फोटो पाठवायला सांगितले.