सातविणीवरचा खटला

‘सातवीण हे विदेशी, विषारी झाड असून त्याच्या परागकणांमुळे दमा होतो, रात्री ते कार्बन डायऑक्साइड सोडते, लाकूडही निरुपयोगी, तेव्हा सोसायटीतून ते ताबडतोब तोडा’ असा संदेश सध्या नवी मुंबईत फिरतो आहे. नेरूळच्या माझ्या आत्यांनी तो वाचून झाडतोडीच्या अर्जावर सहीदेखील केली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

विदेशीपणाचा आरोप एका पुराव्यातच निकालात निघतो. १६७८ साली ॲम्स्टरडॅममध्ये छापलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या वनस्पतिग्रंथाच्या पहिल्याच खंडात मलबारच्या, म्हणजे केरळ किनाऱ्याच्या, वनस्पतींमध्ये सातवीण ‘पाला’ या स्थानिक नावाने चित्रासह आलेली आहे. शिवाय सह्याद्रीच्या जंगलांत ती कोणी न लावता उगवते. विषाबद्दल सांगायचे, तर सातवीण कण्हेरीच्या कुळातली आहे आणि तिचा पांढरा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये हे खरे. पण म्हणून कोणी अंगणातली कण्हेर उपटून टाकत नाही.

खरा उपद्रव दम्याच्या मुद्द्याचा आहे. सातविणीची हिरवट पांढरी फुले लहान आणि अरुंद नळीची असतात, पुंकेसर त्या नळीच्या आत दडलेले असतात आणि परागवहनाचे काम मुख्यतः कीटक करतात, त्यामुळे तिचे पराग वाऱ्यावर फारसे उडत नाहीत. उन्हाळ्याच्या सुमारास हवेत तरंगताना दिसतो तो कापूस म्हणजे पराग नव्हे, तर हातभर लांब जोडशेंगा फुटल्यावर उडणाऱ्या केसाळ बिया होत. संध्याकाळनंतर दाटणाऱ्या उग्र गंधाने काहींचे डोके दुखते आणि दमेकऱ्यांना त्रास होऊ शकतो, एवढे मात्र नाइलाजाने मान्य करावे लागेल. इमारतींच्या खिडक्यांना खेटून तिच्या रांगाच्या रांगा लावणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा होता. परंतु ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस ओसरून बांधकामांची आणि रस्त्यांची धूळ हवेत राहू लागते, त्यातच दिवाळीच्या फटाक्यांचा धूर मिसळतो, आणि या सगळ्याचे खापर नेमक्या त्याच वेळी फुललेल्या झाडावर फोडणे सोयीचे ठरते.

रात्री श्वसन करताना वड, आंबा, तुळस सगळेच कार्बन डायऑक्साइड सोडतात. लाकूड हलके व मऊ असल्याने घराच्या तुळयांना चालत नाही, पण शाळेतले फळे, पेन्सिली, खोकी त्याचीच होत आली आहेत.

राहिला तो अर्ज. महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार सोसायटीच्या स्वतःच्या आवारातले झाडही वृक्ष प्राधिकरणाच्या पूर्वपरवानगीविना तोडता येत नाही. त्रास खरोखरच असेल, तर खिडकीलगतच्या फांद्या फुलोऱ्याआधी छाटण्याची परवानगी महापालिकेकडे मागावी. आत्यांची सही छाटणीच्या त्या अर्जावर मी स्वतः घेईन.