प्रस्तुत कविता मनाला भिडते

श्रावणातला रविवार. बायको म्हणाली, "शेवभाजी करते, तोवर तेवढा गठ्ठा संपवा." गठ्ठा म्हणजे अकरावीची 64 रसग्रहणं. कविता बहिणाबाईंची, सुगरणीच्या खोप्याची. अमळनेर तालुक्यातल्या पोरांना खोपा काय सांगायचा, अशा भ्रमात मी होतो.

पहिला पेपर : 'प्रस्तुत कवितेत कवयित्रीने अतिशय समर्पक शब्दांत आशय मांडला आहे. ही कविता मनाला भिडते.' दुसरा पेपर : तेच. तिसरा, चौथा : तेच. पाचव्यात कविता मनाला 'भिजते'. एकाने बाईंकडून 1952 साली स्वतःच्या हाताने गाणी लिहून छापून घेतली होती. बाई 1951 सालीच गेल्या, आणि लिहिता-वाचता तर त्यांना येतच नव्हतं. बाई म्हणायच्या, घरातली माणसं उतरवून घ्यायची.

भाषेच्या मुद्द्यावर सगळ्यांचं एकमत : 'ग्रामीण बोलीमुळे कवितेला गोडवा आला आहे.' हे कोण लिहितंय? तर तासाला "सर, पानी पेवाले जाऊ का?" विचारणारा. बाईंची लेवा बोली आणि आपली अहिराणी यांत कुठे काय जुळतं, हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? पण हातात पेन आलं की पोरगं एकदम सदाशिव पेठेत राहायला जातं.

सोमवारी फतवा काढला. 'भिडते' लिहिलं की एक गुण कापणार. सगळ्यांनी पुन्हा लिहायचं. बुधवारी कविता काळजात घुसली, हृदयाला स्पर्शून गेली आणि एकीच्या अंतःकरणात तर कायमचं घर करून राहिली. खोप्याचीच कविता, घर करणारच.

"हे कोणत्या गाइडातलं, दाखवा," म्हणून ओरडलो. मागच्या बाकावरून एक पिवळी पडलेली झेरॉक्स पुढे आली. कोणाच्या तरी मोठ्या भावाच्या वहीची. वर 2011 ची तारीख, खाली 'सरांनी सांगितलेल्या नोट्स', आणि सर म्हणजे मी. 'समर्पक' माझा. 'भिडते' पण माझंच. झेरॉक्स घडी करून पिशवीत टाकली आणि तो विषय मी पुन्हा काढला नाही.

गठ्ठ्यात एकच पेपर वेगळा होता. 'कवयित्रीचे चुकले आहे. खोपा मादी बांधत नाही, नर बांधतो. आमच्या विहिरीवर रोज दिसते.' मी त्यावर लाल पेनाने 'विषयांतर' लिहून 2 गुण दिले होते. पोरगं वाद घालायला आलं नाही. "सर, शनवारी मळ्यात या," एवढंच म्हणालं.

गेलो. विहिरीत वाकलेल्या बाभळीला सात-आठ खोपे, बरेचसे अर्धवट, शिरस्त्राणासारखे. पिवळ्या डोक्याचा नर गवताची लांब पाती चोचीत धरून आला, पायाने फांदीला लटकला, आणि आमची बायको शेवया वळते त्या सफाईने पाती आत-बाहेर ओवू लागला. मधूनच पंख फडफडवून बोंबलायचा. एक मातकट मादी आली, आत डोकावली, एक काडी ओढून पाहिली आणि निघून गेली.

"तिले पसंत नही पडना तर तो दुसरा बांधस," पोरगं शांतपणे म्हणालं. मला आमच्या प्लॉटचे तीन वेळा बदललेले नकाशे आठवले.

"मग बाईंना हे दिसलं नसेल? शेतातच तर राबायच्या."

पोरगं गप्प. मी म्हटलं, "हेच लिहून आण. चुकलं म्हणून थांबू नको, असं का म्हटलं असेल ते लिही."

सोमवारी दीड पान आलं. 'बाईंनी तो खोपा पिलांसाठी टांगलेला झोका म्हणून बघितला. झोका म्हटला की टांगणारी आईच डोळ्यासमोर येते. आमच्याकडेही झोका आईच बांधते, बाप फक्त दोरी आणतो. आणि बाईंना पक्षी शिकवायचाच नव्हता. एवढ्याशा चोचीने एवढं होतं, मग दोन हात, दहा बोटं असलेल्या माणसाला त्यांना विचारायचं होतं. नर धरला तरी प्रश्न तोच राहतो.'

मी खुर्चीत सरळ बसलो. एवढ्या वर्षांत असं वाक्य मला स्वतःला सुचलं नव्हतं. 10 पैकी 9 मनात ठरवून पान उलटलं. मागे एकच ओळ उरली होती :

'म्हणून प्रस्तुत कविता मनाला भिडते.'

लाल पेन उचललं. थोडा वेळ तसंच धरलं. मग टोपण लावून खिशात टाकलं. भिडली असेल त्याला.