कडूला कडू म्हणायची सोय नाही

परवा प्रागमध्ये पंचविशीतल्या एका पोराने मला चारचौघांत सांगितलं, की माझी जीभ बधिर आहे. शब्द अर्थात सभ्य होते. "तुमच्याकडे मसाले फार असतात ना, त्यामुळे बारीक चवी पकडायला तुम्हाला जरा वेळ लागेल. हरकत नाही." यातलं 'हरकत नाही' जास्त झोंबलं. हरकत माझी होती. ती नाही, हे तो कोण ठरवणार?

भाचा तिकडे नोकरीला असतो. त्याने मामीला काचेच्या वस्तू बघायला नेलं आणि मामाला 'गाइडेड बिअर टेस्टिंग'ला जुंपलं. "मामा, नुसती बिअर काय, तू कुठेही पिशील. इथली बिअर संस्कृती अनुभव." संस्कृतीचं नाव काढलं की मध्यमवर्गीय माणसाची पंचाईत होते. शिवाय पैसे आगाऊ भरलेले होते आणि परत मिळणार नव्हते.

गाइड ऑस्ट्रेलियाचा. प्रागला येऊन त्याला फार काळ झाला नव्हता, पण दर दुसरं वाक्य "आम्ही झेक लोक" असं सुरू व्हायचं. आमच्या घोळक्यात एकसारखे टी-शर्ट घातलेले तीन इंग्रज होते. पुढची बिअर कधी, यापलीकडे त्यांचे प्रश्न नव्हते. एक नवविवाहित जोडपं होतं, त्यांना बिअरमध्येही रस नव्हता. आणि एक गृहस्थ होते. खरं नाव त्यांनी सांगितलं होतं, पण मी मनातल्या मनात त्यांचं बारसं करून टाकलं : नाकाडे.

नाकाडे बिअर पीत नसत, तिची विचारपूस करत. आधी ग्लास खिडकीकडे धरायचा. मग तिरका करायचा. मग त्यात नाक घालायचं, ते फेस शेंड्याला लागेपर्यंत. डोळे मिटायचे. मग एक घोट तोंडात घेऊन सकाळी बेसिनपाशी काढतात तसा आवाज काढायचा. त्यानंतर शांतता. खिशातून वही निघायची. वहीत काहीतरी उतरेपर्यंत आम्ही सगळे ताटकळत, कारण गाइडने सांगून ठेवलं होतं की झेक लोक एकमेकांच्या डोळ्यांत बघून "ना झ्द्रावी" म्हणतात आणि मगच पितात. नाकाड्यांचे डोळे मिटलेले. बघायचं कुठे?

पहिल्याच ठिकाणी लाकडी फळीवर ओळीने इवलेसे ग्लास आले. आमच्याकडे काढा घ्यायला याहून मोठं भांडं मिळतं. आणि हे कुठे, तर माणशी बिअर पिण्यात वर्षानुवर्षं जगात पहिला नंबर असलेल्या देशात! शेजारच्या टेबलावर चार झेक अर्ध्या लिटरचे मग घेऊन बसले होते. ते फळी बघत नव्हते, आमच्याकडे बघत होते. एखाद्या आजारी माणसाला पेज भरवताना बघावं तसे.

गाइडने विचारलं, "काय जाणवतंय?" सुरुवात अर्थातच नाकाड्यांनी केली.

"गवत. ओलं. सकाळचं." थोडा विचार. "नऊच्या आधी कापलेलं."

"सुंदर!" गाइड म्हणाला.

"मग भाजलेल्या पावाची कड. आणि अगदी मागे मध. पण जरासा उदास मध."

उदास मध! मधमाश्यांच्या घरी काय झालं होतं कोण जाणे. इंग्रजांना गाइडने विचारलंच नाही. जोडपं एकमेकांना "तू सांग, तू सांग" करत सुटलं. मग बोट माझ्याकडे आलं आणि मी म्हणालो, "कडू आहे. छान कडू आहे." त्यावर ते मसाल्यांचं वाक्य.

आता मला सांगा. ज्यांचं वर्षच पाडव्याला कडुनिंबाचा पाला चावून सुरू होतं, त्यांना कडू कळत नाही? कारल्याची भाजी, मेथीचे लाडू, काडेचिराईत, बालपणी नाक दाबून पाजलेली अनेक द्रव्यं, यांतून गेलेली जीभ आहे ही. आमटीतला हिंग नव्या डबीतला की जुन्या, हे मी पहिल्या घासाला सांगतो. देवगड म्हणून गळ्यात मारलेला कर्नाटकी आंबा सालीला हात न लावता ओळखतो (आणि तरी घेतो, तो विषय वेगळा). पण हे सगळं इंग्रजीत, तेही उभ्याउभ्या, एका ऑस्ट्रेलियन झेकला कसं समजावणार? मी हसलो. असं हसलं की नंतर रात्री झोप लागत नाही.

बिअर उत्तम होती, हे सांगायला हवं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मला तिचाच राग आला. पावाच्या कडेचं नाकाड्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. फेसाचंही मला पटलं. आपल्याकडे ग्लास तिरका करून फेस टाळायचा असतो, कारण फेस म्हणजे तेवढे पैसे बुडाले. तिकडे नळावरचा माणूस ग्लास गार पाण्याने विसळतो आणि चांगला तीन बोटं दाट, ओला फेस मुद्दाम चढवतो. तो झाकणासारखा बसतो आणि खालच्या बिअरला हवा लागू देत नाही. 'म्लीको' म्हणून तर जवळपास सगळा ग्लासच फेसाचा देतात. तो विरायच्या आत एका दमात संपवायचा. नळावर उभं राहणं ही तिकडे शिकून केलेली कारागिरी आहे. नुसती तोटी फिरवणं नव्हे.

दुसऱ्या ठिकाणी जाताना गाइडने गोष्ट सांगितली आणि ती ऐकून माझा राग वाढला. 1838 साली प्लझेन गावातल्या लोकांना बिअर इतकी भिकार लागली की त्यांनी 36 पिंपं टाउन हॉलसमोर आणून ओतली. रस्त्यावर. मग गावाने नवी भट्टी बांधली आणि शेजारच्या जर्मन बव्हेरियाहून योसेफ ग्रोल नावाचा तरुण कारागीर आणला. हा इतका तुसडा की "अख्ख्या बव्हेरियात याच्याइतका उद्धट कोणी नाही" असं म्हणे त्याचा बापच सांगायचा. त्याने 1842 च्या ऑक्टोबरमध्ये, गावचं मऊ पाणी, फिकट भाजलेलं माल्ट (म्हणजे मोड आणलेलं सातू) आणि झातेत्स गावचे हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) घेऊन जी बिअर केली ती पिल्सनर. आज जगात जी सोनेरी, नितळ बिअर दिसते, आपल्या नाक्यावरची धरून, ती बहुतेक याच वंशातली. तीन वर्षांत ग्रोलचा करार संपला, तो परत गेला आणि पुढे स्वतःच्या गावी, गुत्त्यातल्या नेहमीच्या टेबलावरच वारला, असं सांगतात.

म्हणजे बघा. गिऱ्हाइकांनी तोंडावर सांगितलं की भिकार आहे. कोणी ओलं गवत म्हटलं नाही, कोणी उदास मध म्हटलं नाही. पिंपं ओतली. त्यातून एका उद्धट माणसाच्या हातून ही बिअर जन्मली. आणि तिला कडू म्हणालो तर माझी जीभ बधिर!

वाटेत 'सोनेरी वाघ' नावाच्या प्रसिद्ध गुत्त्यासमोर थांबून आम्ही दाराचे फोटो काढले. 1994 साली झेक राष्ट्राध्यक्ष हावेल इथे बिल क्लिंटनना घेऊन आले होते. लेखक बोहुमिल ह्राबाल तर इथले नेहमीचेच. आत का जायचं नाही, असं एका इंग्रजाने विचारलं. आत जागा नसते, तिथे नेहमीची माणसं बसतात, असं उत्तर आलं. बिअर संस्कृती आत बसली होती आणि आम्ही तिचा अनुभव फुटपाथवरून घेत होतो. छातीवर टूरचं नारिंगी स्टिकर लावून.

स्टिकरवरून आठवलं. महाराष्ट्रात कायद्याने दारू प्यायला परवाना लागतो, बिअरसाठी वय 21, कडक दारूसाठी 25, आणि एक दिवसाचाही परवाना मिळतो, हे मी बोलण्याच्या ओघात सांगितलं. नाकाडे वही काढून म्हणाले, "विलक्षण! म्हणजे तुमच्याकडे पिण्याआधी एक विधी असतो." मी म्हणालो, विधी नाही, कागद. ते म्हणाले, "कागदाचाही एक गंध असतो." मी तेव्हापासून त्यांच्याशी बोलणं बंद केलं.

शेवटचा थांबा झिझकोव्ह भागातला होता. लाकडी बाकं, भिंतीवर काही नाही, बिअर एकच. इंग्रजांनी यादी मागितली. नळावर साठीचा एक रुंद माणूस होता, तो म्हणाला, "यादी? मोठी आहे आणि छोटी आहे. छोटी आजारी माणसांना." आम्हाला छोटी मिळाली, बुकिंगच छोटीचं होतं.

आणि इथे नाकाडे ग्लास घेऊन थेट त्याच्यापाशी गेले. "तुम्हाला स्वतःला हिच्यात काय जाणवतं?"

त्याने वाकून ग्लासात पाहिलं. मग उजेडात धरून पाहिलं. "काय पडलंय?"

"छे छे. मला गवत जाणवतंय."

"गवत?"

"ओलं."

त्या माणसाने एक शब्द न बोलता तो ग्लास मोरीत ओतला, विसळला, दुसरा भरून पुढे ठेवला. आम्ही सगळे हातातलं सोडून बघायला लागलो. नाकाड्यांनी नाक घातलं. डोळे मिटले. "आता... बिस्किट."

"बिस्किटं आम्ही ठेवत नाही. सॉसेज आहे. व्हिनेगरमधलं."

"आणि मागे किंचित," इथे नाकाड्यांचा हात हवेत काहीतरी चुरगाळायला लागला, "लोणी!"

लोणी म्हणताच त्या माणसाचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. नंतर गाइडनेच दबक्या आवाजात सांगितलं, की नळाच्या नळ्या नीट धुतल्या नसल्या तरी बिअरला लोण्याचा वास लागतो. म्हणजे नाकाड्यांनी भर दुकानात त्याची मोरी काढली होती. त्याने तळघराच्या जिन्यातून हाक मारली. ओल्या हातांचा एक पोरगा वर आला. दोघांत झेकमध्ये काही कडक बोलणं झालं. पोरगा छातीवर हात ठेवून शपथा घेत असावा. मग त्याने स्वतःला एक ग्लास भरला, प्याला. पोराला पाजला. समाधान होईना, तेव्हा तिसरा भरून तो कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेला. तिथे एक आजोबा एकटेच बसले होते, समोर पेन्सिलीच्या रेघा मारलेला कागदाचा चिटोरा. प्रत्येक बिअरची एक रेघ; ग्लासावर गत्त्याची चकती ठेवेपर्यंत न मागता पुढची येत राहते.

आजोबांनी घाई केली नाही. अर्धा ग्लास संपवला. मिशी पुसली. एक शब्द बोलले.

"काय म्हणाले?" नाकाड्यांनी विचारलं.

"कडू आहे म्हणाले," गाइड म्हणाला.

नळावरच्या माणसाने मान हलवली, पोरगा तळघरात गेला, खटला निकाली निघाला. मला तर उठून आजोबांच्या पाया पडावंसं वाटलं. पण गाइड आमच्याकडे वळून म्हणाला, "ऐकलंत? आम्हा झेक लोकांना एक शब्द पुरतो. केवढी खोली आहे त्यात!" आणि नाकाड्यांची वही माझ्या कोपराशीच उघडी होती, म्हणून मला दिसलं : 'स्थानिक जाणकार : कडवटपणा. विलक्षण संयम.'

तोच शब्द. मी दोन तासांपूर्वी बोललो तर मसाले, आजोबा बोलले तर संयम. माझ्या तोंडून आलेल्या शब्दाला पासपोर्ट नव्हता बहुतेक. मी गाइडला म्हणालोही, "मीही हेच म्हणालो होतो." तो प्रेमाने माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "बघा, हळूहळू जमतंय तुम्हाला."

टूर संपली. नाकाडे टॅक्सी करून गेले. मी तिथेच बसलो, मोठी मागवली. चिटोरा आला, रेघ आली, कोणीही काहीही विचारलं नाही. अर्धा लिटर बिअर आणि अजिबात न बोलणारी माणसं; हे तीन तास आधी मिळालं असतं तर भाच्याला मी आशीर्वाद दिला असता. शेंगदाणे मात्र नाहीत. फुटका दाणाही नाही. ज्या देशात बिअरबरोबर फुकट चकणा देत नाहीत त्यांनी माझ्या जिभेबद्दल बोलू नये, असंही एकदा वाटून गेलं.

उठताना बघतो तर चिटोऱ्यावर एक रेघ जास्त. मी ती दाखवली.

"ओतलेला ग्लास," नळावरचा माणूस म्हणाला. "गवताचा."

"तो माझा नव्हता."

"तुमच्या मित्राचा."

"तो माझा मित्र नाही."

त्याने माझ्या शर्टावरच्या नारिंगी स्टिकरवर बोट ठेवलं आणि काही बोलला नाही. इतक्या वर्षांचा भांडण्याचा सराव असूनही मला स्टिकरविरुद्ध मुद्दा सुचेना. पैसे दिले. टिप दिली नाही. म्हणजे दोन क्राउन सोडले, पण ते सुट्टे परत घेत उभं राहायचा कंटाळा आला म्हणून.