आदल्या दिवशी पोहोचणं ही चैन आहे का?

नमस्कार. ‘क्रूझ सुटायच्या आदल्या दिवशी पोहोचा हा सल्ला पैसेवाल्यांचा. आमचं विमान सकाळी ८ ला रोमला उतरतं, बोट संध्याकाळी ५ ला सुटते. उगाच घाबरवता,’ असं तुमचं म्हणणं. खर्चाचा मुद्दा खरा आहे. चौघांना एक रात्र जास्त म्हणजे खिशाला चाट बसतेच.

पण कागदावर ‘रोम’ असलं तरी बोट लागते चिवितावेक्कियाला, शहरापासून सत्तरेक किलोमीटरवर. आणि ५ ही सुटायची वेळ. चेक-इन त्याआधी तास-दीड तास बंद होतं. तरीही विमान वेळेवर आलं तर दुपारी तुम्ही डेकवर जेवत असाल, यात वाद नाही. माझा प्रश्न एवढाच, की ते चुकलं तर पुढचं किती वाजता? दुबई किंवा दोहामार्गे जाताना मुंबईचं विमान दोन तास रखडलं की पुढचं हातचं गेलं. एकाच पीएनआरवर तिकीट असेल तर विमान कंपनी नंतरच्या विमानात बसवून देते, पण ते संध्याकाळी उतरलं तर काय उपयोग? स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली असतील, तर नवं तिकीट पदरचं.

‘पुढच्या बंदरात गाठू’ म्हणता. नेपल्स असेल तर ट्रेन आहे. क्रूझवाल्यांनी परवानगी दिली तर. ग्रीसचं बेट असेल तर पुन्हा विमान. तुर्कस्तान असेल तर तिथे विमानाने उतरायला व्हिसा हवा.

बॅगेचा तर कुणी विचारच करत नाही. तुम्ही पोहोचलात आणि बॅग दोह्यातच राहिली, तर हॉटेलवर ती दुसऱ्या दिवशी येऊ शकते. बोट मात्र रोज नव्या बंदरात. बॅग मागे मागे धावते आणि आजोबांच्या बीपीच्या गोळ्या तिच्यातच. (गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेवा, कधीही पोहोचा.)

एक मान्य: बोट मुंबईहूनच सुटणार असेल, तर ठाणेकरांनी आदल्या रात्री हॉटेल घेणं हा शुद्ध वेडेपणा. पुणेकरांनी शनिवारची घाटातली गर्दी धरून पहाटे निघावं, बस्स.

रोमचा खर्च टाळायचा तर चिवितावेक्कियातच खोली बघा. तो जादा दिवस व्हिसाच्या अर्जात आणि प्रवास विम्यातही धरा. विम्यात ‘मिस्ड कनेक्शन’ (पुढचं विमान किंवा बोट चुकल्याची भरपाई) आहे का तेही पाहून घ्या. तुमचं तिकीट एका पीएनआरवर आहे की दोन, ते कळवा. त्या तारखेला मागून कोणतं विमान आहे ते बघून सांगतो.